ज्या बाटलीवर स्वतःचाच विश्वास नाही ती विकायला रोज सकाळी गाडी कशी काढायची?

सातपुड्याचा_पायथा | रविवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच एवढं मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

मी बीएस्सी अ‍ॅग्री, धुळ्याला शिकलो, दोन वेळा एमपीएससी दिली, नाही झालं, मग एका कृषी निविष्ठा, म्हणजे खतं-औषधांच्या कंपनीत लागलो. चार वर्षं झाली. पोस्टचं नाव मार्केट डेव्हलपमेंट ऑफिसर, म्हणजे फिल्डवर फिरणारा माणूस. एरिया चोपडा ते यावल, अडावद, धानोरा, किनगाव, साकळी, सगळा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रोडचा पट्टा. वर सातपुडा खाली तापी, मधे कापूस आणि केळी. पगार २३ हजार, पेट्रोलचे वेगळे, टार्गेट झालं तर इन्सेंटिव्ह.

आमच्याकडे मुख्य तीन बाटल्या. एक समुद्री शेवाळाची, एक ह्युमिकची आणि तिसरी जिला आम्ही फिल्डवर "व्हायरसवाली" म्हणतो. पहिल्या दोन मी सुरुवातीला खरंच मनापासून विकल्या. मग दोन खरीप डेमो प्लॉट घातले, अर्ध्या एकराला फवारणी अर्ध्याला नाही, आणि कंपनीला फक्त हिरव्यागार झाडाचा फोटो लागतो पण मी काय केलं की वेचणीच्या वेळेस स्वतः जाऊन दोन्हीकडचा कापूस वेगळा तोलायला लावला. कुठे इकडे दोन-चार किलो जास्त तर कुठे तिकडे. बाटलीचे पैसे निघतील असा फरक मला एकाही प्लॉटला दिसला नाही. तेव्हाही मनाला समजावलं की चला फायदा नाही तर नुकसान तरी नाही.

तिसऱ्या बाटलीने मात्र झोप उडवली आहे. केळीवर हरण्या येतो ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल, कुकुंबर मोझॅक व्हायरस, पानावर पिवळे पट्टे, मग पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, सडतो, झाड गेलं. मागच्या पावसाळ्यात धानोऱ्याकडे एक बाबा, साडेतीन हजार टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं लावलेली, त्यांच्या बागेत तीस-चाळीस झाडं तशी दिसली. मी ती बाटली दिली. अर्धा लिटर ११८० रुपये, दोन फवारण्या सांगितल्या आठ दिवसांच्या अंतराने. दुकानातून उधारीवर उचलली त्यांनी. फवारलं, वाट पाहिली, परत फवारलं, परत वाट पाहिली. त्या पंधरा-सोळा दिवसात मावा, म्हणजे हा व्हायरस पसरवणारी बारीक कीड, सगळीकडे फिरला आणि जेव्हा मी गेलो तेव्हा आजारी झाडं मोजायच्या पलीकडे गेलेली. मला कॉलेजात शिकवलेलं होतं की विषाणूला औषध नाही, झाड दिसलं की उपटायचं. मला माहीत होतं. बाबा मला काही बोलले नाहीत, चहा पाजला. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून सकाळी गाडी काढावीशीच वाटत नाही. अडावद स्टँडवर एका टपरीवर अर्धा अर्धा तास बसून राहतो. रिपोर्ट भरतो खोटे, दहा शेतकऱ्यांना भेटलो म्हणून, भेटलेलो असतो तिघांना. घराचं लोन आहे, बहिणीचं लग्न आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) काढायचं चाललंय, म्हणून उद्याच्या उद्या सोडू शकत नाही. नवीन शोधतोय पण जिथे शोधतोय तिथेही अशाच बाटल्या आहेत.

विचारायचं एवढंच की ज्या मालावर विश्वास नाही तो विकत असताना कामात मन कसं ठेवता तुम्ही लोकं? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा प्लीज.

---

बोरीकाठ_अमळनेर | रविवार, रात्री ११:४०

तुन्हं खरं शे भाऊ, पण मन्हं बी आयकी ले. माझं कृषी सेवा केंद्र आहे, वडिलांपासून. तू म्हणतो तशा बाटल्या माझ्या रॅकवर कमीत कमी चाळीस प्रकारच्या आहेत आणि त्यातल्या कितीवर माझा विश्वास आहे विचारशील तर एका हाताच्या बोटांवर.

पण काउंटरच्या अलीकडून कसं दिसतं ते सांगतो. माणूस येतो, कापूस पिवळा पडलाय, पंप घरी भरून ठेवलाय, मजूर उद्या सांगितलेत. म्हणतो, काहीतरी जोरदार द्या. मी म्हटलं दादा काही नको, वाफसा येऊ द्या, शेतात पाणी साचलंय म्हणून पिवळा पडलाय, चार दिवसांत उठेल. तो मान डोलावतो आणि समोरच्या दुकानात जातो. तिथून दोन बाटल्या घेऊन माझ्याच दुकानावरून जातो. हे मी शेकडो वेळा पाहिलंय. मग मनात येतं की तो घेणारच आहे तर निदान आपल्याकडून घेऊ दे, आपण बरी त्यातल्या त्यात देऊ.

आणि वरून काय होतं तेही ऐक. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशाला विकायची, त्यात आम्हाला सुटतं काय, भाडं हमाली निघत नाही. आणि ऐन जुलैत युरिया पाहिजे असेल तर सोबत हे पाच बॉक्स उचला म्हणतात. लिंकिंग बेकायदेशीर आहे, दरवर्षी कृषी विभाग सांगतो, दरवर्षी होतं. ते पाच बॉक्स मग मी कोणाला देऊ? वर्षभराची उधारी आमची, कापूस विकला की दिवाळीनंतर येते, काहींची आखाजीला, काहींची येतच नाही.

तुला दोष देत नाही. एवढंच की तू एकटा विकत नाहीये, पूर्ण साखळी आहे, सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊ नको.

---

केळीवाला_रावेर | सोमवार, सकाळी ६:०५

रात्रीच वाचलं, झोप आली नाही म्हणून सकाळी लिहितोय. मी त्या बाबांच्या जागचा माणूस आहे. माझीही बाग गेलीय हरण्यात, एका वर्षी पावणेदोन हजार खोडं उपटली, घरातले सगळे बांधावर उभे राहून बघत होते, बायको म्हणे एवढी हिरवी दिसणारी झाडं कशाला उपटता. मलाही तेव्हा एकाने बाटली दिली होती, नाव घेत नाही.

भाऊ एक गोष्ट तुला स्पष्ट सांगतो, राग मानू नको. तू म्हणतो "फायदा नाही तर नुकसान तरी नाही". हे चूक आहे. ११८० रुपये गेले त्याचं दुःख नाही होत आम्हाला, आम्ही एकरी लाखाच्या वर घालून बसलेलो असतो. गेले ते पंधरा दिवस. बाटली हातात आली ना की माणूस निवांत होतो, वाटतं आपण काहीतरी केलं, इलाज चालू आहे. त्या निवांतपणाने बाग जाते. पहिल्या दिवशी कोणी दंडाला धरून सांगितलं असतं की उपटा, खड्डा करा, गाडा, बांधावरचं तण काढा, मावा मारा आणि दर चार-पाच दिवसांनी ओळीओळीने फिरा, तर चाळीस झाडांवर निभावलं असतं.

मला एक पोरगा भेटला होता अशाच एका कंपनीचा, त्याने बाग बघितली आणि म्हणाला काका याच्यावर माझ्याकडे काही नाही. एवढंच म्हणाला आणि माझ्यासोबत तास-दीड तास झाडं उपटायला लागला, चांगल्या शर्टावर. त्याची पुढच्याच वर्षी बदली झाली कुठेतरी लांब, टार्गेट होत नव्हतं म्हणे. म्हणजे प्रामाणिकपणाचं फळ त्याला काही मिळालं असं मी म्हणणार नाही. पण आजही नवीन प्लॉटला काही दिसलं की पहिला फोन त्यालाच लावतो.

तू एकदा त्या बाबांकडे जा. बोल त्यांच्याशी.

---

भुसावळ_जंक्शन | सोमवार, सकाळी ९:३०

सगळ्यांचं बरोबर आहे पण ज्याच्या घरात हप्ता भरायचा असतो त्यालाच कळतं. मी एमआर होतो सहा वर्षं, औषधांच्या लाइनला. खोकल्याच्या एकाच प्रकारच्या सिरपचे पंधरा ब्रँड, आपलाच चांगला म्हणून सांगायचं. विश्वास बिश्वास काही नसतो, नोकरी आहे, आठ तास द्यायचे, घरी यायचं, पोरांना वेळ द्यायचा. कामातच आयुष्याचा अर्थ सापडला पाहिजे हे खूळ आपल्या पिढीत आलंय. आमचे वडील रेल्वेत होते, यार्डात रात्रपाळी, त्यांना कोणी विचारलं नाही तुम्हाला मोटिव्हेशन आहे का म्हणून. भाऊ, बहिणीचं लग्न होऊ दे, मग बघ. मधे काही उडी मारू नको.

---

पांझरा | सोमवार, दुपारी २:१५

जंक्शन दादा, तुमच्या वडिलांनी रात्रपाळीत ज्या गाड्या लावल्या त्या खरोखर पोचत होत्या ना? मग त्यांना कोणी विचारायची गरजच नव्हती. धागा काढणाऱ्या दादाचं दुखणं वेगळं आहे, त्याला काम कंटाळवाणं वाटत नाहीये, त्याला काम खोटं वाटतंय. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोघांना एकच औषध दिलं तर चालणार नाही. हे मला कळायला तीन वर्षं लागली म्हणून लिहिते.

मी धुळ्यात बँकेत आहे. काउंटरला होते तेव्हा इन्शुरन्सचं टार्गेट असायचं. एफडी मोडायला आलेले किंवा रिन्यू करायला आलेले म्हातारे आजोबा, रिटायरमेंटचे पैसे, त्यांना सांगायचं की एफडीपेक्षा हे चांगलं, आणि हातात द्यायची दहा-पंधरा वर्षं दरवर्षी हप्ता भरायची पॉलिसी. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला. दुसऱ्या वर्षी हप्ता भरता आला नाही की पहिल्या वर्षाचं बरंचसं गेलं. एक आजी आल्या होत्या साक्रीकडच्या, शेताची जमीन रस्त्यात गेली त्याचे पैसे होते. मी फॉर्म भरला त्यांचा. अंगठा मी धरला त्यांचा. ते मी विसरत नाही.

मी काय केलं ते सांगते, मोठं काही नाही. नोकरी सोडली नाही. पहिल्यांदा कोणाला विकणार नाही याची एक हद्द ठरवली, वहीत लिहिली. साठच्या वरच्या आणि फक्त व्याजावर जगणाऱ्या माणसाला नाही. पीककर्ज घ्यायला आलेल्याला कर्जासोबत म्हणून नाही. बाकी तरुण नोकरदार विचारायला आला तर सगळं सांगून द्यायचं, हप्ता किती वर्षं ते मोठ्याने वाचून दाखवायचं. आणि प्रत्येकाला जाताना सांगायचं की कागद घरी आले की ३० दिवस हातात आहेत, नको वाटली तर परत करा, थोडीफार कपात होऊन पैसे परत मिळतात. फ्री लूक म्हणतात त्याला, आधी १५ दिवस होते, २०२४ पासून ३० झाले. हे सांगायला मला कोणी अडवू शकत नव्हतं कारण हा नियमच आहे.

टार्गेट पडलं. मीटिंगमध्ये उभं केलं सगळ्यांसमोर. रडले मी वॉशरूममध्ये. पण एक फरक असा झाला की त्या दिवसापासून सकाळी उठताना पोटात गोळा यायचा तो थांबला. ओरडा खायची भीती होती पण ती वेगळी भीती आहे, तिच्यासोबत जेवण जातं. दीड वर्षाने कर्ज विभागात बदली मागून घेतली.

दादा, तुम्ही टपरीवर अर्धा तास बसता तो आळस नाही. मनाला जिकडे जायचं नाही तिकडे ते पाय ओढतंय. त्याला चाबूक मारून मोटिव्हेशन आणायला जाऊ नका, आधी रस्ता बदलता येतो का बघा, थोडा तरी.

---

जुना_कृषी_सहायक | सोमवार, रात्री ८:५०

मी कृषी विभागातून सेवानिवृत्त, चाळीसगाव भडगाव भागात आयुष्य गेलं. बेटा, तुझ्या पोस्टमध्ये एक मुद्दा सगळ्यांच्या नजरेतून सुटतोय, तो कायद्याचा आहे आणि तो तुझ्या उपयोगाचा आहे, जरा शांतपणे वाच.

शेवाळ अर्क, ह्युमिक, अमिनो आम्ल वगैरेंना बायोस्टिम्युलंट म्हणतात, आपल्याकडे जैव उत्तेजक. बरीच वर्षं ही मंडळी कुठल्याच कायद्यात नीट बसत नव्हती, ना खत ना कीटकनाशक, म्हणून कोणीही ड्रम आणून बाटल्या भरायचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांना खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये आणलं. तेव्हापासून आधी चाचणीची माहिती द्यायची, मग केंद्राने मान्यता द्यायची, असा रस्ता झाला. मधल्या काळात तात्पुरत्या प्रमाणपत्रावर विक्री चालू होती, ती मुदत २०२५ च्या जूनमध्ये संपली. म्हणजे आज तुझ्या पहिल्या दोन बाटल्यांना मान्यता आहे का हे तुला दुकानदाराच्या परवान्यावरून आणि कंपनीच्या कागदावरून तपासता येतं. तपास. नोकरी करतोस तिथला कागद मागायचा तुला हक्क आहे.

आता तिसरी. बायोस्टिम्युलंटच्या व्याख्येतच आहे की कीटकनाशक कायदा १९६८ खाली येणाऱ्या गोष्टी यात येत नाहीत. म्हणजे रोग किंवा कीड बरी करते असा दावा करायचा असेल तर त्या दुसऱ्या कायद्याखाली नोंदणी पाहिजे. मला खात्री वाटते की तुझ्या बाटलीच्या लेबलवर "व्हायरस" हा शब्द नसेल. पिकाची वाढ, प्रतिकारशक्ती, असंच काहीतरी असेल. बघून सांग.

---

सातपुड्याचा_पायथा | सोमवार, रात्री ९:२०

सर आत्ता डिक्कीतून काढून बघितली. खरंच नाहीये. लेबलवर "पिकाची जोमदार वाढ व सर्वांगीण आरोग्यासाठी" एवढंच आहे. व्हायरसचं ते व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर येतं आम्हाला, त्याच्यावर कंपनीचं नावही नसतं, आणि मीटिंगमध्ये तोंडी सांगतात की शेतकऱ्याला असं असं सांगा.

चार वर्षांत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

---

जुना_कृषी_सहायक | सोमवार, रात्री ९:४५

हेच म्हणायचं होतं. छापलेलं नाही, पोस्टरवर नाव नाही, म्हणजे उद्या काही झालं तर कंपनी म्हणणार आम्ही असं कधी म्हटलंच नाही. तो दावा जगात एकाच ठिकाणी आहे, तुझ्या तोंडात. कायद्याच्या दृष्टीने ही तुझ्यासाठी धोक्याची गोष्ट आहे हे आधी समजून घे. पण दुसरी बाजू बघ. जे फक्त तुझ्या तोंडी आहे ते तू बोलणं बंद केलंस की तुझ्या पट्ट्यात ते बंद झालं. त्यासाठी राजीनामा लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. मॅनेजर तुला लेखी विचारूच शकत नाही की तू व्हायरसचं का सांगत नाहीस.

शिकलेला पोरगा आहेस. पाल आणि ममुराबादला कृषी विज्ञान केंद्र आहे, जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, तिथे जाऊन बसत जा महिन्यातून एकदा. शेतकऱ्याला बाटली देता आली नाही तरी चालेल, रिकाम्या हाताने मात्र जाऊ नकोस त्याच्याकडे.

---

शिरपूर_ते_हिंजवडी | सोमवार, रात्री ११:३०

शेतीतलं मला कळत नाही पण दुखणं ओळखीचं आहे. मी एका कंपनीत होतो जिथे पैसे लावून पत्ते खेळायचं अ‍ॅप बनवायचो. माझं काम असं की माणूस खेळ सोडून गेला की त्याला परत आणायला कोणत्या वेळेला कोणतं नोटिफिकेशन पाठवायचं. आकडे वाढले की बोनस. टीम खूप हुशार होती, काम पण खरंच अवघड आणि इंटरेस्टिंग होतं, त्यात मी रमून जायचो आणि तीच गोष्ट मला जास्त लागते आता, की मला मोटिव्हेशनची कमी कधी पडलीच नाही. गावी पोळ्याला आलो तेव्हा आमच्याच गल्लीतला एक पोरगा भेटला, ट्रॅक्टरचे हप्त्याचे पैसे अ‍ॅपवर घालवलेले त्याने. आमचंच अ‍ॅप होतं का ते विचारायची हिंमत झाली नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा आला, पैसे लावून खेळायचं सगळं बंद झालं, नोकरी गेली. पाच महिने घरी होतो. लोक म्हणतात सुटलास. पण मी थांबलो नाही, मला थांबवलं गेलं, ते मनात राहतं. म्हणून म्हणतो, तुझं मन लागत नाहीये हे वाईट लक्षण समजू नकोस. माझं लागत होतं.

---

बोरीकाठ_अमळनेर | मंगळवार, सकाळी ७:४५

जुने साहेब बोलले ते वाचून मी पण सकाळी रॅक बघितला. अशा तीन बाटल्या निघाल्या ज्यांच्यावर छापलंय एक आणि माझा माणूस सांगतो एक. कामावरच्या पोराला सांगितलंय की जे लिहिलंय तेवढंच बोलायचं. बाकी मी काल लिहिलं की साखळी आहे, डोक्यावर घेऊ नको. ते मागे घेत नाही, पण साखळीत मी पण एक कडी आहे हे सोयीस्करपणे सोडून दिलं होतं.

---

भुसावळ_जंक्शन | मंगळवार, सकाळी १०:१०

पांझरा ताई, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. कंटाळवाणं आणि खोटं यातला फरक पटला. तरी माझं म्हणणं आहे की हप्ता आणि लग्न या गोष्टी लहान नाहीत, त्याला कोणी घाई करू नका. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत दुसरीकडचं हातात आल्याशिवाय सोडू नको, एवढं तरी ऐक भाऊ.

---

सातपुड्याचा_पायथा | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०:३०

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा. काय काय झालं ते सांगतो.

पहिलं म्हणजे धानोऱ्याला गेलो. बाबा बांधावरच होते. मी म्हटलं बाबा ती बाटली चालत नव्हती हे मला तेव्हाही माहीत होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मले वाटलंच होतं." आणि मग म्हणाले की यंदाच्या बागेत चल, बघून सांग. तीन झाडं सापडली, तिघांना तिथेच उपटून गाडलं, मिरची आणि काकडी बागेच्या कडेने लावलेली होती ती काढायला सांगितली कारण मावा तिथेच वाढतो. परवा परत गेलो, आणखी दोन. आता दर पाच दिवसांनी जातो. उधारीचे दुकानातले ते पैसे मी भरायचं म्हटलं तर चिडले. मग तो विषय सोडला.

दुसरं, व्हायरसचं बोलणं बंद केलं. पूर्ण. कोणी विचारलं तर सांगतो हरण्याला औषध नाही, झाड काढा. पहिल्या आठवड्यात एका दुकानदाराने त्या बाटल्यांचे चार बॉक्स परत घ्या म्हणून फोन केला, मॅनेजरचा फोन आला, जळगावच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये विचारलं की तुझ्या एरियात हे प्रॉडक्ट का बसलं. मी म्हटलं सर लेबलवर जे आहे ते सांगतोय, पोस्टरवरचं सांगायचं असेल तर मेल करा, मी सांगतो. मेल आला नाही. इन्सेंटिव्ह या तिमाहीला मिळणार नाही हे दिसतंय आणि पुढे नंदुरबारकडे पाठवतील असं एक जण म्हणाला. घरी सांगितलंय. आई गप्प झाली, बहीण म्हणाली मांडव छोटा घालू. हे लिहितानाही घशात येतंय.

साहेबांनी सांगितलेले कागदही मागितले. शेवाळवालीचं प्रमाणपत्र आलं. ह्युमिकचं "पाठवतो" म्हणतात, दोन आठवडे झाले. तोपर्यंत तिचं नाव काढत नाही कोणाकडे. म्हणजे आता हातात एकच बाटली आहे आणि तिच्यावरही माझा फार विश्वास बसलाय असं नाही, विचारलं तर सांगतो की दादा पैसे शिल्लक असतील तर मारा, आधी बेसल डोस (लागवडीच्या वेळचं खत) आणि पाणी बघा. तरी विकतो. ते अजून टोचतं, ते काही सुटलेलं नाही.

पण सकाळचं सांगायचं होतं. पाल केंद्रात जाऊन आलो, तिथल्या सरांशी दोन तास बोललो. आणि तेव्हापासून मी कापसाच्या गावांमध्ये गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लावायचं चालू केलंय. एकरी दोन. कंपनीचा तो माल नाही, शेतकरी स्वतः आणतो, मी लावून देतो, ल्युअर (सापळ्यातली वासाची गोळी) हाताळताना हाताला तंबाखूचा वास नको एवढं बघतो आणि सकाळी पतंग मोजायला शिकवतो. सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग आले तर फवारणीचा विचार, नाहीतर पंप घरी. सोबत वीस हिरवी बोंडं फोडून बघायची, दोनांत अळी सापडली तर ती पण धोक्याची पातळी. अळी एकदा बोंडाच्या आत गेली की वरून काहीही मारा, तिला लागत नाही, म्हणून सगळा खेळ आधीच्या दिवसांचा आहे. एवढं साधं, कॉलेजात पाठ केलेलं, आणि चार वर्षांत मी एकाही शेतात हे केलं नव्हतं कारण यात विकायला काही नाही.

तर होतं काय की सकाळी साडेसहाला फोन यायला लागलेत. भाऊ आज पाच, भाऊ आज तीन, भाऊ सापळ्यात पाणी गेलं. आणि मी गाडी काढतो. टपरीवर बसणं कधी थांबलं ते कळलंच नाही. रिपोर्ट खरा भरतो, तीन भेटी तर तीन. मॅनेजर त्यावरून बोलतो, बोलू दे.

नोकरी शोधतोच आहे. एका शेतकरी उत्पादक कंपनीत तोंडी बोलणं झालंय, पगार कमी आहे, सतरा हजार. जंक्शन दादा, लग्नाच्या आधी हलणार नाही, तुमचं ऐकलंय.

---

पांझरा | शनिवार, रात्री ११:०५

मांडव छोटा घालू म्हणणारी बहीण आहे दादा तुमच्याकडे. तिला माझा आशीर्वाद सांगा. आणि जी एक बाटली टोचते आहे ती टोचू द्या, तिच्यासाठीही एक ओळ लिहा वहीत, कोणाला विकणार नाही ती. माझी पण पहिली ओळ लिहायला सोपी होती, दुसरीला महिना लागला.

---

केळीवाला_रावेर | रविवार, सकाळी ५:५०

बाबांकडे गेलास, बरं केलं. पाच दिवसांनी जातोस ते चार कर, ढगाळ हवा आहे, माव्याला हेच पाहिजे असतं. आणि झाड उपटल्यावर कोयता दुसऱ्या झाडाला लावू नको तसाच, धुवून घे.

माझ्याकडे केळीसोबत दोन एकर कापूस पण आहे खिर्डीच्या बाजूला. काल तुझं वाचून रात्रीच पोराला पाठवून सापळे आणले, चार. आत्ता बॅटरी घेऊन जाऊन बघून आलो. एकात सहा, एकात नऊ, दोघांत काहीच नाही. नऊवाल्याचं काय करू?

---

सातपुड्याचा_पायथा | रविवार, सकाळी ६:१०

काका आज फवारू नका. नऊवाला सापळा कुठे आहे, गावाकडच्या बांधाला का? जवळपास जिनिंग किंवा मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्यांचा (कापसाच्या वाळक्या झाडांचा) ढीग आहे का बघा, पतंग तिथून येतात, असेल तर तो ढीग आधी हलवा. रिकाम्या दोघांचं ल्युअर नीट बसलंय का आणि सापळा झाडाच्या शेंड्याच्या फूटभर वर आहे का तेही बघा. उद्या आणि परवा याच वेळेला मोजा आणि मला आकडे टाका. डोमकळ्या दिसल्या, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुलं, तर तोडून नष्ट करा, आतली अळी जाते.

---

केळीवाला_रावेर | रविवार, सकाळी ६:३२

पऱ्हाट्यांचा ढीग आहे. शेजारच्याचा. सरपणाला रचलेला, सापळ्यापासून वीस पावलांवर. आता त्याच्याकडे चाललोय बोलायला.